विश्वासाची पिग्मी : एक्सझेड प्रकरण, बेळगावातल्या एका मार्च एंडला

३० मार्च २०२४. शनिवार, रंगपंचमी. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या टिळकवाडीतल्या ऑफिसच्या जिन्यात शहापूरचा पोरगा येऊन उभा राहिला. एक कान जांभळा, एक हिरवा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरलेला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, वर्षभर आमच्याकडे शिकायला येतो. दम खाऊन म्हणाला, "सर, ते एक्सझेड माझ्यात हाय. गुरुवारीच अपडेट मारलो होतो."

बातमी मला आदल्या रात्रीच कळली होती : लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. आमचं काम छोटं आहे. एका सहकारी सोसायटीचा सर्व्हर, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं मशीन, एका कॉलेजची लॅब, निपाणीचा एक प्रेस, आणि अशी फुटकळ चार-पाच गिऱ्हाइकं. सगळीकडे लिनक्स, कारण परवडतं. त्या दोन दिवसांत काय झालं हे पुढच्या पोरांना दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हटलं.

अर्धा सेकंद

आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा, मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या कच्च्या, म्हणजे अजून पक्की न झालेल्या आवृत्तीवर तो डेटाबेसचा वेग मोजत बसला होता. वेग मोजायचा तर मशीन शांत लागतं, आणि त्याचं मशीन शांत बसत नव्हतं. एसएसएच, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरायचा जो दरवाजा, तोच कारण नसताना प्रोसेसर खात होता. खोट्या नावाने कुणी लॉगिन करायला आलं तर त्याला हाकलायला पूर्वी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७ लागत होते.

आमच्या सोसायटीत पासबुक छापायला प्रिंटर पाऊण मिनिट घेतो आणि कुणी हूं का चूं करत नाही. हा बाबा अर्ध्या सेकंदासाठी हटून बसला. काही आठवड्यांपूर्वी मेमरी तपासणाऱ्या वॅलग्राइंड या टूलने केलेली एक विचित्र तक्रार त्याला आठवली. दोन्ही धागे ओढत गेल्यावर तो एकाच गाठीपाशी पोचला. ती गाठ म्हणजे एक्सझेड युटिल्समधली लिबएलझेडएमए ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी उसना घ्यायचा तयार कोड. फायली दाबून लहान करायचं साधं काम करणारी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणारी, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात नसणारी. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. २९ मार्चला, आपल्याकडे रात्र झालेली असताना, त्याने हे जाहीर केलं. सुरक्षेतल्या त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२४-३०९४ असा नंबर पडला आणि धोक्याची पातळी ठरली दहापैकी दहा.

कलेक्टर रोज येतो

चोरदरवाजा कोडमधून आत गेला असं म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. तो आधी एका दमलेल्या माणसाच्या दारातून आत गेला.

बेळगावच्या कुठल्याही दुकानदाराला हा भाग पिग्मीवरून लगेच कळतो. संध्याकाळी कलेक्टर येतो, पन्नास-शंभर घेतो, पावती फाडतो, "येतो शेठ" म्हणून जातो. पाऊस असो, गणपती असो, त्याची फेरी चुकत नाही. वर्ष-दीड वर्षाने आपण त्याला म्हणतो, गल्ल्यातून तूच काढून घे, मी गिऱ्हाइकात आहे. पावती बघायचंही सुटतं. त्यातले नव्याण्णव जण नेक असतात, म्हणूनच तर ही पद्धत इतकी वर्षं चालली आहे. शंभरावा एक दिवस येत नाही, आणि मग कळतं की सहा महिन्यांच्या पावत्या सोसायटीत पोचल्याच नव्हत्या.

एक्सझेड सांभाळत होता फिनलंडचा लासे कॉलिन, एकटा, फुकट, दीड दशकाच्या आसपास. २०२१ मध्ये 'जिया टान' नावाचं एक खातं उघडलं गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याचा पहिला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, आली. निरुपद्रवी, बारीकसा. मग दुसरा, तिसरा. काम खरंच चांगलं होतं. २०२२च्या उन्हाळ्यात मात्र दुसरीच माणसं उगवली. 'जिगर कुमार', 'डेनिस एन्स'. यांनी कधी एक ओळ लिहून दिली नाही. त्यांचं काम एकच, कॉलिनला टोचत राहणं : पॅच पडून आहेत, तुमचा रस संपलाय, दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. कॉलिनने उत्तरात सांगितलं की बऱ्याच काळापासून त्याची मनाची तब्येत ठीक नाही, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे लोकांनी ध्यानात ठेवावं. त्याच उत्तरात, जिया टान मदत करतोय, पुढे कदाचित त्याला मोठी भूमिका मिळेल, असंही तो लिहून गेला.

तो पत्रव्यवहार सगळ्यांना वाचता येतो. मी दोनदा वाचला. पाण्याच्या पाळीवरून गल्लीतल्या म्हाताऱ्याला रोज टोमणे मारावेत तशी ती भाषा आहे. 'जिगर कुमार' हे नाव वाचून तर मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं, जणू आपल्याच शेजारच्या बिल्डिंगमधला कुणी. त्या खात्यांचा आगापिछा नंतर कुठेही सापडला नाही. माणसं खोटी असणार, टोचणी तेवढी खरी होती.

२०२३ च्या सुरुवातीपासून जिया टानचा हात थेट सोर्स कोडपर्यंत पोचू लागला आणि नव्या आवृत्त्याही तो स्वतः काढू लागला. पहिल्या पॅचपासून चोरदरवाज्यापर्यंत २८ महिने. इतकी पिग्मी भरायला धीर लागतो.

दूध समोर, डबा आत

आपल्याकडे कुंद्याच्या दुकानात दूध गिऱ्हाइकासमोर आटवतात, डबा मात्र आतल्या खोलीत भरतात. ओपन सोर्सचंही तसंच होतं आणि ते पुष्कळांना तोपर्यंत जाणवलं नव्हतं. सोर्स कोड सगळ्यांसमोर असतो. पण डेबियन, फेडोरासारख्या, लिनक्स तयार करून देणाऱ्या वितरणांची पॅकेजं बऱ्याचदा त्या उघड्या कोडवरून बनत नाहीत. मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, बांधून दिलेला गठ्ठा असतो, ज्याला टारबॉल म्हणतात, त्यावरून ती बनतात. चोरदरवाजा चालू करणारी ओळ फक्त या गठ्ठ्यातल्या बिल्ड-टू-होस्ट नावाच्या फाइलमध्ये होती. समोरच्या कढईत ती नव्हतीच.

बाकीचा माल चाचणीच्या फायलींत लपवला होता. फायली दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फायली लागतातच, त्यामुळे तिथे कचरा दिसला तर कुणी विचारत नाही. प्रोग्रॅम बांधताना ती एक ओळ असली बिघडलेली फाइल उचलायची, त्यातली अक्षरं अदलाबदल करून ती 'दुरुस्त' करायची, त्यातून एक स्क्रिप्ट निघायची आणि ती दुसऱ्या चाचणी फाइलमधून खरा माल बाहेर काढून लायब्ररीत जोडायची. तेही इंटेल-एएमडी प्रकारच्या ६४ बिट लिनक्सवर, डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बनत असेल तरच. एखाद्याने घरी सहज बांधून बघितलं असतं तर काहीच सापडलं नसतं.

आता, फायली दाबणारी लायब्ररी एसएसएचमध्ये काय करत होती? ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचचं मूळ सॉफ्टवेअर, तिला ओळखतही नाही. पण डेबियन, फेडोरा वगैरेंनी एसएसएचने सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरचे बाकीचे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मुकादमाला, 'मी उठलो' असा निरोप द्यावा म्हणून आपल्याकडून एक ठिगळ लावलं होतं. त्या ठिगळातून सिस्टमडीची लायब्ररी आली आणि तिच्या पदराला धरून लिबएलझेडएमए आली. लग्नाला बोलावलेल्याच्या बरोबर आलेला पाहुणा म्हणा. आत बसून त्याने लॉगिन करणाऱ्याची सही तपासणारं फंक्शन आपल्या ताब्यात घेतलं. ठरावीक गुप्त किल्लीने सही केलेला मजकूर आला, की लॉगिन व्हायच्या आधीच त्यातला हुकूम रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, अधिकाराने चालणार. ती किल्ली एकाकडेच. दुसऱ्या चोराला हा दरवाजा दिसलाही नसता.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागला तो एक टिंब. प्रोग्रॅमला कोंडून ठेवणारी लँडलॉक नावाची सोय मशीनवर आहे की नाही हे बघायला छोटीशी चाचणी असते. ती चाचणी कंपाइल झाली तर सोय चालू होते. जिया टानने तिथे एका रिकाम्या ओळीवर नुसता पूर्णविराम टाकून ठेवला. चाचणी कधीच कंपाइल होणार नाही, सोय गुपचूप बंद राहणार. मी शहापूरच्या पोराला तो बदल मोठ्या पडद्यावर दाखवला आणि शोध म्हटलं. चष्मा पुसून पुसून सहा मिनिटं बघत होता. शेवटी म्हणाला, "माशी बसलीया वाटलं."

आमचा शनिवार आणि रविवार

आधी पोराचा लॅपटॉप. काली लिनक्स. २६ ते २९ मार्चमध्ये अपडेट केलेल्यांकडे ही लायब्ररी गेली असं कालीवाल्यांनीच जाहीर केलं होतं. पोराने २८ ला केलं होतं. संशयातला प्रोग्रॅम चालवून बघितला नाही, पॅकेजच्या यादीतून आवृत्ती काढली : ५.६.०. त्याच्या लॅपटॉपवर बाहेरून एसएसएच उघडा नव्हता, त्यामुळे नुकसान होण्याची शक्यता जवळपास नव्हतीच. तरी पुसून काढला. नाही काढला असता तर त्याला महिनाभर झोप लागली नसती. स्पेस बारवर त्याचा जांभळा अंगठा उमटला, तो अजून आहे.

मग सोसायटी. दुसऱ्या दिवशी ३१ मार्च, वर्षाचा हिशेब बंद व्हायचा. मॅनेजर अण्णांना फोन केला तर म्हणाले, "मार्च एंडला सर्व्हर बघायला येतोस? तुला आत्ताच हे सुचुलालंय व्हय रे?" मी म्हटलं, अण्णा, बंद करत नाही, नुसतं बघतो. गेलो. डेबियन १२, एक्सझेड ५.४.१. सुरक्षित. अण्णांनी चहा पाजला आणि पिग्मीच्या शिल्लक पावत्यांचा ढीग दाखवला. त्या ढिगाकडे बघताना ती उपमा मला सुचली.

कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू २२.०४, आवृत्ती ५.२.५. फाउंड्रीत उबंटू २०.०४, आवृत्ती ५.२.४. म्हणजे गंमत बघा, जो शिष्य नेमाने अपडेट करत होता तोच अडकला आणि आम्ही आळसाने ज्यांना हात लावला नव्हता ते सगळे वाचले. यावरून अपडेट करू नये असा अर्थ कुणी काढू नये. फाउंड्रीच्या मालकांनी मात्र लगेच काढला.

त्यांच्याच मशीनवर आम्हाला त्या दोन दिवसांतलं सगळ्यांत वाईट सापडलं, आणि त्याचा एक्सझेडशी काही संबंध नव्हता. मालकांचा भाचा पुण्यात असतो, त्याला रात्री कास्टिंगची ड्रॉइंग बघता यावीत म्हणून एसएसएच थेट इंटरनेटवर उघडा टाकलेला. पासवर्ड म्हणजे मालकांचं नाव आणि साल. लॉग उघडला तर रात्रभर जगभरातून कुणी ना कुणी दार ढकलत होतं, मिनिटाला कितीतरी वेळा. चोराने २८ महिने खपून सोन्याची किल्ली घडवावी, आणि आम्ही उंबऱ्यावर पायपुसण्याखाली किल्ली ठेवावी. रविवारी दुपारी पासवर्ड बंद करून भाच्याला किल्लीची फाइल करून दिली. तो अजून कुरकुर करतो.

बाहेर काय झालं

बाहेरची धावपळ आमच्यापेक्षा कितीतरी पटीने मोठी आणि शिस्तीची. डेबियनची कच्ची शाखा, फेडोराची येऊ घातलेली ४० वी आवृत्ती, ओपनसूसेचं टंबलवीड, आर्च, काली, सगळ्यांनी लगेच पाऊल मागे घेतलं. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ५.४.६ सारख्या जुन्या आवृत्तीवर परतायला सांगितलं. उबंटू २४.०४ ची चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे गेली, कारण त्यांनी सगळी पॅकेजं नव्याने बांधायला घेतली. जगभरच्या हौशी आणि पगारी लोकांनी मिळून त्या मालाची चिरफाड केली आणि काही दिवसांत तो कसा चालतो हे बरंचसं उलगडलं. गिटहबने, म्हणजे जिथे हा कोड ठेवलेला होता त्या साइटने, प्रकल्पाचं पान बंद केलं आणि कॉलिनचं खातंही गोठवलं. घाईत घेतलेला निर्णय समजू शकतो, पण ज्यांना तपास करायचा होता त्यांच्याच समोरून कागद उचलले गेले. ते मला पटलं नाही.

थोडक्यात निभावलं, हेही खरं. सिस्टमडीचे लोक असल्या लायब्ऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडायच्या या बदलावर आधीपासून काम करत होते. म्हणजे पाहुण्याच्या आत येण्याचा तो रस्ता बंदच होणार होता. शेवटच्या आठवड्यात जिया टान आणि 'हान्स यान्सेन' नावाचं आणखी एक खातं डेबियन, उबंटूच्या मागे लागली होती की नवी आवृत्ती लवकर घ्या. त्या घाईचं कारण बहुधा हेच. पक्क्या शाखांत पोचायच्या आत अर्धा सेकंद आडवा आला.

कॉलिन परत आला आणि जिया टानचा एकेक बदल तपासत बसला. तो टिंबही त्यानेच काढला. २९ मे २०२४ ला स्वच्छ केलेली ५.६.२ आली. जुलैत ओपनएसएसएच ९.८ ने सिस्टमडीला निरोप द्यायची सोय स्वतःच लिहिली, म्हणजे ठिगळाची गरज संपली. १५ एप्रिललाच ओपनएसएसएफ आणि ओपनजेएस या ओपन सोर्सच्या संस्थांनी कळवलं होतं की ओपनजेएसकडेही अशीच 'आम्हाला मेंटेनर करा' म्हणणारी संशयास्पद पत्रं आली आहेत. जिया टान कोण, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. एकटा माणूस नसावा, एवढं बहुतेक जण मानतात.

हे पहिलंच असंही नाही. २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडी या फायली पाठवायच्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात कुणीतरी गडबड केली होती. वापरणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हसरा चेहरा टाकला की ६२०० नंबरचं पोर्ट, म्हणजे मशीनमध्ये शिरायचं आणखी एक दार, उघडायचं. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या कंटाळलेल्या मेंटेनरने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला प्रकल्पच देऊन टाकला, आणि त्याने बिटकॉइनच्या एका पाकिटावर डल्ला मारणारं कोड घुसवलं. तेव्हाही चार दिवस चर्चा झाली. मेंटेनरला पगार कोण देणार, या प्रश्नावर सगळे गप्प बसले, आणि माझ्या मते यावेळीही बरेचसे गप्पच आहेत.

माझ्याच दारातला अनोळखी

हा भाग लिहू की नको असं झालं होतं.

माझंही एक छोटं ओपन सोर्स टूल आहे. शिवाजी, श्रीलिपी, नुडी असल्या जुन्या फॉन्टांतला मराठी-कानडी मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं. इथल्या सोसायट्यांना पावत्या दोन्ही भाषांत लागतात, प्रेसवाल्यांकडे वीस वर्षांच्या फायली पडून असतात. वापरणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. २०२३च्या दिवाळीनंतर एका टोपणनावाच्या खात्याकडून दुरुस्त्या येऊ लागल्या. पहिलीच भारी होती. माझं टूल 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' करत होतं, म्हणजे लग्नाच्या हिशेबात स्वयंपाक करणाऱ्यांची बिदागी थेट शंकराचार्यांच्या खात्यात. त्याने तो ऱ्य पकडला. मग आणखी आठ-दहा. फेब्रुवारीत मी त्याला थेट बदल करायचा अधिकार देऊन टाकला.

एक्सझेडनंतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी काय केलं? न सांगता अधिकार काढून घेतला आणि दोन ओळींचं पत्र धाडलं : आधारचा फोटो पाठवा किंवा व्हिडिओ कॉलवर या, नाहीतर तुमचे सगळे बदल काढून टाकीन. त्याचे सगळे बदल मी आणि पोराने दोन रात्री बसून ओळ न् ओळ वाचले होते. काही नव्हतं. तरी पत्र धाडलं.

उत्तर आलं नाही. तीन आठवडे काही नाही. मला वाटलं, बघा, पळाला.

मग निपाणीच्या प्रेसचे मालक दुसऱ्याच कामासाठी फोनवर बोलता बोलता म्हणाले, "ते आमच्यातलं पोरगं तुमच्यावर रागावलंय की ओ." त्यांच्याकडे रात्रपाळीला डीटीपी करणारा पोरगा. प्रेसच्या मशीनवर बाहेरची कामं करतोस म्हणून ओरडा बसेल या भीतीने टोपणनाव घेतलं होतं. मालकांना केव्हाच कळलेलं होतं, त्यांनी ओरडाही घातला नव्हता.

पुढच्या रविवारी बस धरून निपाणीला गेलो. प्रेसच्या मागच्या खोलीत शाईचा वास, पंखा, आणि कॉम्प्युटरच्या बाजूला शंभर पानी वही. वहीत ऱ्य आणि ऱ्ह असलेल्या शब्दांची हाताने लिहिलेली यादी : दऱ्या, वाऱ्यावर, गोऱ्हा, कुऱ्हाड, तऱ्हा. पानामागून पानं. मी चुकलो म्हटलं. तो काही बोलला नाही. मी म्हटलं, अधिकार परत देतो, आणि यापुढे नवी आवृत्ती दोघांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. गठ्ठा मी बांधला तर तू तुझ्याकडे वेगळा बांधून ताडून बघायचा, तू बांधलास तर मी.

त्याने वही बंद केली. म्हणाला, "तुमचं आधार दाखवा की आधी."

मी पाकिटातून काढून दिलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी वाचलं, नाव, पत्ता, सगळं, आणि मग पायाने ढकलून दुसरी खुर्ची पुढे केली.